जगन्नाथ शिंत्रे यांचं काडतूस

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या जगन्नाथ शिंत्र्यांनी आयुष्यात एकच निर्णय झटकन घेतला होता, तो म्हणजे लग्नाचा. तोही एवढ्यासाठीच, की तेव्हा त्यांच्याजवळ कॉम्प्युटर नव्हता. पुढे कॉम्प्युटर आला आणि घरातली प्रत्येक वस्तू तुलनेच्या तक्त्यातून पास होऊनच आत यायला लागली. डिशवॉशर घ्यायला सात महिने लागले. तोवर प्रतिमाबाई भांडी हातानं घासत होत्या आणि जगन्नाथराव शेजारी उभं राहून, कुठलं मशीन किती आवाज करतं त्याचे आकडे त्यांना वाचून दाखवत होते. माणूस वाईट नव्हता. तेलाच्या पाइपलाइनला गंज कुठे चढेल आणि भोक कधी पडेल हे आधी ओळखायचं, यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. अशा माणसाला कुठलीही वस्तू दाखवा, ती कुठून बिघडणार तेच त्याला आधी दिसतं.

तर हे जगन्नाथराव रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं त्यांना बार्बेक्यूच्या हॉटेलात जेवण दिलं. शेजारी डेल हटो बसला होता. डेल फील्डवरचा फोरमन, पूर्व टेक्ससचा, सव्वासहा फूट उंच आणि बोलायला अगदी कंजूष. पण त्या दिवशी तो एल्कबद्दल बोलत होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा प्राणी; एकेक नर तीनशे किलोंचा. दर ऑक्टोबरात डेल कोलोरॅडोच्या डोंगरात त्याच्या शिकारीला जायचा.

“जॅग, तुमच्याकडे असते का शिकार?” त्यानं सहज विचारलं. जगन्नाथ हे नाव त्याच्या तोंडात कधी मावलंच नव्हतं.

निरोपाच्या जेवणात माणूस जरा हळवा होतो, आणि हळवा माणूस जरा जास्त बोलतो. “माझे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या शिकारीत असायचे,” जगन्नाथराव म्हणाले.

हे वाक्य तपासून पाहिलं तर खोटं नव्हतं. आजोबा शिकारीत असायचेच. दाजीपूरच्या जंगलात रान उठवायला जे हाकारे लावत, त्यांत ते रॉकेलचा डबा बडवत पुढे चालायचे. पण टेबलावरच्या मंडळींनी “ओह, वॉव!” म्हटलं आणि जगन्नाथरावांना ते सुधारून सांगायचं सुचलं नाही. जेवणानंतरचा गोड पीकन पाय येईपर्यंत आजोबांच्या हातात बंदूक आली होती. कॉफी येईपर्यंत त्यांनी एक गवा पाडला होता.

डेलनं कप खाली ठेवला. “मग पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर येतोस.”

ते आमंत्रण नव्हतं, फोरमनची ऑर्डर होती. जगन्नाथराव हो म्हणाले.

घरी आल्यावर प्रतिमाबाईंनी शांतपणे विचारलं, “अहो, तुम्ही कबुतर तरी मारलंय का कधी?”

“मटण तर खातोच ना आपण.”

“खातो. पण ते अल्ताफभाईच्या दुकानातून येतं.”

प्रतिमाबाई रिटायर्ड फार्मासिस्ट. कुठलीही गोष्ट डबल चेक केल्याशिवाय बाटलीत भरायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम, त्यामुळे नवऱ्याच्या तक्त्यांना त्यांनी कधी फारसा विरोध केला नव्हता. पण हा विषय त्यांना पहिल्यापासून संशयास्पद वाटत होता.

आधी शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागला. तो एका चर्चच्या हॉलमध्ये होता आणि वर्गातले बाकीचे सगळे विद्यार्थी दहा ते बारा वर्षांचे होते. सहासष्ट वर्षांचे जगन्नाथराव लहान खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसले. परीक्षेत पन्नासपैकी एकोणपन्नास मिळाले. एका प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे, असं ते मास्तरांना वीस मिनिटं पटवत बसले. दातांना तार लावलेल्या एका मुलीला पन्नास पडले होते. ती दाराशी जॅकेट घालून ताटकळत उभी होती, कारण सर्टिफिकेटं सगळ्यांना एकदमच वाटायची होती.

मग बंदुकीचा प्रश्न आला. आणि बंदुकीच्या आधी काडतुसाचा.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी गोळी. एवढंच. पण पुंगळी लहान की मोठी, गोळी जाड की बारीक, दारू किती, यावरून त्याची नावं पडतात, आणि अमेरिकेत ती नावं शेकड्यानं आहेत. जी बंदूक ज्या काडतुसासाठी घडवलेली, तिच्यात तेच चालतं, दुसरं नाही. म्हणजे आधी काडतूस ठरवायचं आणि मग त्याची बंदूक घ्यायची.

जगन्नाथरावांनी डेलला फोन केला. डेल म्हणाला, “थर्टी-ऑट-सिक्स घे.”

“का?”

“चालतं.”

“पण त्याचं डिझाइन एकोणीसशे सहा सालचं आहे!”

“एल्कचं त्याच्याही आधीचं आहे,” डेल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

एका वाक्यात मिळालेलं उत्तर जगन्नाथरावांना कधीच मानवलं नाही. ज्या उत्तरापाशी पोचायला कष्ट पडले नाहीत ते उत्तर बरोबर असेल कसं? त्यांनी स्टडीत बसून नवा तक्ता उघडला. तेवीस काडतुसं, चौदा निकष. सहाशे यार्डांवर गोळी किती खाली येते, आडव्या वाऱ्यानं किती सरकते, तिथवर पोचताना तिच्यात किती जोर उरतो, खांद्याला धक्का किती बसतो, नळी किती गोळ्यांनंतर झिजते. प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे टक्के दिले. “गावोगावच्या दुकानांत मिळतं का” या निकषाला दोन टक्के मिळाले. तेही प्रतिमाबाईंनी चहा देताना विचारलं म्हणून.

“सहाशे यार्ड कशाला हो?” त्यांनी हेही विचारलं. “डेल किती लांबून मारतो?”

“अडीचशेच्या पलीकडे त्यानं कधी मारलेलं नाही.”

“मग?”

“त्याच्याकडे डेटा नाही,” जगन्नाथराव म्हणाले.

डेटा इंटरनेटवर होता, आणि तो अथांग होता. तिथे दाढीवाले, काळे चष्मे घातलेले लोक आठशे यार्डांवरच्या लोखंडी पत्र्याला गोळ्या मारून ‘टंग’ असा आवाज ऐकवत. जगन्नाथरावांच्या लक्षात आलं की दर एक-दोन वर्षांनी कुठली ना कुठली कंपनी नवं काडतूस काढते, आणि ते निघाल्याबरोबर जुन्या काडतुसांनी एल्क मरेनासे होतात. शंभर वर्षं जे जनावर मुकाट्यानं पडत होतं, ते अचानक जुनी गोळी लागली तर मान हलवून चालू लागेल, असं हे चष्मेवाले शपथेवर सांगत. मजा अशी, की जगन्नाथरावांना ही लबाडी स्वच्छ दिसत होती. पाइप विकणाऱ्यांच्या अशाच गप्पा त्यांनी चौतीस वर्षं ऐकल्या होत्या. पण लबाडी दिसली म्हणून मोह सुटतो थोडाच. नवं काडतूस निघालं की ते चोविसावी ओळ घालत, आणि तेविसाचा आकडा राखायला जुनं एखादं काढून टाकत.

एल्क पाडायला गोळीत अमुक इतका जोर हवाच, असा एक आकडा सगळे छातीठोक सांगत. तो कुठून आला हे शोधण्यात जगन्नाथरावांनी तीन आठवडे घालवले. प्रत्येकानं तो दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकला होता.

त्यांच्या कॉलेजमित्रांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात हा विषय गेला आणि पेटला. नेपरव्हिलचे डॉक्टर अनिल गद्रे, हृदयरोगतज्ज्ञ. बंदूक त्यांनी फक्त पोलिसाच्या कमरेला पाहिली होती. पण त्यांनी लिहिलं, “हृदय माझा प्रांत आहे. बारीक गोळीचं सिक्स-फाइव्ह क्रीडमूर पुरेसं आहे. हृदयाला जाडी कळत नाही, जागा कळते.” जगन्नाथरावांनी वाऱ्याचा आलेख पाठवला. डॉक्टरांनी तीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. जगन्नाथरावांनी पंचेचाळीस मिनिटांचा पाठवला. या धुमश्चक्रीत ग्रुपमधल्या दोघांनी मोतिबिंदूच्या ऑपरेशनची बातमी दिली, तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मे महिन्यात जगन्नाथराव प्रत्यक्ष चांदमारीच्या मैदानावर गेले. तिथे भाड्यानं बंदुका मिळत. तक्त्यात तेव्हा पहिल्या नंबरावर असलेली थ्री-हंड्रेड मॅग्नम त्यांनी मागितली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “सर, पहिल्यांदाच मारताय? लहानापासून सुरुवात करा.”

“धक्क्याचा आकडा मला माहीत आहे,” जगन्नाथराव म्हणाले.

आकडा माहीत होता, धक्का माहीत नव्हता. ते बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवून बसले आणि चाप ओढला. बंदूक मागे आली, दुर्बिणीची कड भुवईत घुसली. भुवईला तीन टाके पडले. तक्त्यात धक्क्याच्या निकषाचे टक्के त्या संध्याकाळी पाचावरून एकोणीस झाले आणि थ्री-हंड्रेड मॅग्नम अकराव्या नंबरावर गेली.

त्या टाक्यांनी मात्र त्यांचं नाव झालं. ह्यूस्टन परिसरात मराठी माणसाच्या भुवईला जखम झाली तर ती साधारण पिकलबॉल खेळताना झालेली असते. बंदुकीची म्हटल्यावर लोक थांबून बघायला लागले. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम-सचिव रेखाताईंनी त्यांना भाषणाला बोलावलं. विषय होता ‘निवृत्तीनंतरचे छंद’. आधी एका काकांचं बोन्साय, नंतर जेवण. मधली पंधरा मिनिटं जगन्नाथरावांची.

त्यांनी बावन्न स्लाइड नेल्या होत्या.

पंचविसाव्या स्लाइडला रेखाताईंनी घड्याळ दाखवलं. एकतिसाव्याला स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास यायला लागला, आणि श्रोते नुसते देहानं खुर्च्यांवर उरले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, “आमच्या बॅकयार्डात आर्माडिलो येतो आणि लॉन उकरतो. त्याला कुठलं चांगलं?”

“काकू, ही लांब पल्ल्याची काडतुसं आहेत. सहाशे यार्डांची.”

“आमचं बॅकयार्ड मोठं आहे,” काकू म्हणाल्या.

मुलगी सावनी डेनव्हरहून आली होती. ती परत जाताना कारमध्ये म्हणाली, “बाबा, आर यू अफ्रेड टु गो?”

“छे! का?”

“बिकॉज यू स्टडी थिंग्ज व्हेन यू आर स्केअर्ड. माझ्या ड्रायव्हिंग टेस्टच्या वेळी तुम्ही टायर्सवर रिपोर्ट लिहिला होता.”

सिग्नल हिरवा झाला तरी जगन्नाथराव काही क्षण थांबून राहिले. मागच्यानं हॉर्न दिला.

सप्टेंबरच्या शेवटी निकाल लागला. दोन-तीन वर्षांपूर्वीच बाजारात आलेलं सेव्हन पीआरसी नावाचं काडतूस शून्य पूर्णांक तीन गुणांनी पहिलं आलं. थर्टी-ऑट-सिक्स सतरावं. जगन्नाथरावांनी बंदूक घेतली, तिच्यावर आकडेमोडीसाठी हवेचा दाब मागणारी दुर्बीण बसवली, आणि खरं सांगायचं तर मेहनतही केली. आठवड्यातून तीनदा मैदानावर जाऊन पालथे पडायचे. एका शांत सकाळी सहाशे यार्डांवरचा पत्रा त्यांच्या गोळीनं ‘टंग’ वाजला. तो आवाज येईपर्यंतची घटका त्यांना फार आवडली. तेवढ्यापुरता जगात कुठे गंज नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काडतुसं स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून तोलली, सारख्या वजनाची वीस निवडून डबीत ठेवली, डबीवर लेबल लावलं. चेकलिस्टमध्ये एकशे बारा वस्तू होत्या. ‘काडतुसं’ यापुढे त्यांनी तोलून झाल्याबरोबर टिक केली. डबी वॉशिंग मशीनवर राहिली.

हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. डेलच्या पिकअपनं अकराशे मैल तोडून, कोलोरॅडोतल्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मोटेलमध्ये त्यांनी बॅगा उघडल्या तेव्हा. जगन्नाथरावांनी सगळ्या बॅगा तीनदा उपसल्या. मग घरी फोन लावला.

“आहे,” प्रतिमाबाई म्हणाल्या. “लेबल अगदी सुवाच्य आहे.”

गावात एकच दुकान होतं. किराणा, मासे पकडायचे गळ, शिकारीचं सामान, सगळं एकाच छताखाली. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईनं त्यांचं ऐकून घेतलं. “सेव्हन पीआरसी? सुंदर काडतूस आहे म्हणतात. दोन पेट्या होत्या. शनिवारी एक डेंटिस्ट घेऊन गेला.”

“मग दुसरं काय आहे?”

तिनं मागच्या फळीकडे बोट केलं. थर्टी-ऑट-सिक्सच्या पेट्या छतापर्यंत रचल्या होत्या. पावाच्या लाद्या रचाव्यात तशा.

डेल यावर एक शब्द बोलला नाही. ही गोष्ट जगन्नाथराव पुढे कित्येकदा सांगत: त्या वेळी बोलायला इतकं होतं आणि हा माणूस बोलला नाही. त्यानं दोन पेट्या घेतल्या, पिकअपच्या सीटमागून एक जुनी बंदूक काढली. लाकडी दस्त्याची, बारीकसारीक ओरखडे पडलेली, वर साधी दुर्बीण. “नॅन्सीची आहे,” तो म्हणाला. नॅन्सी त्याची बायको. चार वर्षांपूर्वी गेली. “दस्ता थोडा आखूड आहे. तुला बसेल.”

पहिले तीन दिवस काहीच दिसलं नाही. दहा हजार फुटांवर जगन्नाथरावांना बूट बांधतानाही धाप लागायची. नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी घालून ते डेलच्या मागे एकेक पाऊल टाकत. सहाशे यार्डांवर गोळी किती सरकते हे त्यांना पाठ होतं. स्वतःला सहाशे यार्ड चढायला किती वेळ लागतो, हा रकाना तक्त्यात नव्हता. तंबूत ते मुकाट्यानं डब्यातली बीन्स खात. रात्री नऊला झोपत.

चौथ्या सकाळी पलीकडच्या उतारावर एक नर दिसला. त्यांनी अंतर मोजायच्या यंत्रातून पाहिलं: पाचशे चाळीस यार्ड. वारा मंद. जनावर आडवं उभं. बावन्न स्लाइडमधली चौतिसावी स्लाइड जणू कुणी डोंगरावर लावून ठेवली होती. आणि हातात काय, तर सतराव्या नंबरचं काडतूस.

“माझी बंदूक असती तर!” ते पुटपुटले.

“असती तर तू इथून मारलं असतंस,” डेल म्हणाला. “आणि जरा चुकलं असतं तर आपण दोन दिवस रक्त शोधत फिरलो असतो. चल. जवळ जाऊ.”

जवळ जायला साडेतीन तास लागले. आधी दरीत उतरायचं, मग ओढा, मग झाडीतून वर. डेल पावडरची छोटी बाटली दाबून वाऱ्याची दिशा बघायचा. वारा पाठीमागून आला की थांबायचं, कारण माणसाचा वास गेला तर संपलंच. शेवटचा टप्पा पोटावर. पुढे एक पडलेलं झाड होतं. त्याच्या आड ते दोघं पोचले आणि वारा फिरला. डेलनं हात वर केला. थांब.

ते एक तास थांबले. थंड मातीत गाल टेकून पडल्यावर माणसाला काय काय आठवतं. जगन्नाथराव कुजबुजले, “डेल, माझे आजोबा शिकारी नव्हते.”

डेलनं मान वळवली नाही. “हं?”

“ते हाकारे होते. डबा बडवत जनावराला पुढे घालायचं, बंदूकवाल्यांपुढे. हेच काम. एकदा गवा उलटा फिरला. त्यांच्या दोन फासळ्या मोडल्या. दरबारातून एक पटका मिळाला.”

“आणि बंदूकवाले कुठे होते?”

“मचाणावर. झाडावर.”

डेलनं आता मान वळवली. मग म्हणाला, “अन् तुझ्या आजोबांच्या हातात काय, तर डबा?”

“डबा.”

“बापरे,” डेल म्हणाला. “मग वर्षभर तू चुकीची गोष्ट सांगत होतास.”

जगन्नाथरावांना अचानक हसू यायला लागलं आणि ते आवरण्यासाठी त्यांनी टोपी तोंडावर दाबली. वर्षभरात प्रथमच त्यांना मोकळं वाटलं. तेवढ्यात डेलनं त्यांच्या बाहीला स्पर्श केला.

नर झाडीतून बाहेर आला होता. एकशे चौदा यार्ड. आता दुर्बिणीची तशी गरजही नव्हती. त्याच्या नाकातून निघणारी वाफ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. ओल्या केसाळ अंगाचा उग्र वास येत होता. जगन्नाथरावांनी नॅन्सीची बंदूक ओंडक्यावर टेकवली. वारा, दाब, जोर, यातलं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या पायामागे, एक तृतीयांश वर, एवढंच. चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर चित्र होतं. त्यांनी श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज त्यांना आठवत नाही. धक्काही नाही. नर उडाला, चाळीसेक पावलं धावला, आणि एखादा थकलेला माणूस बसतो तसा पुढचे पाय मुडपून बसला. मग कलंडला.

डेलनं अर्धा तास थांबवून ठेवलं आणि मग ते दोघं गेले. जगन्नाथरावांनी मानेला हात लावला. मान गरम होती. साठ वर्षं बुधवार-रविवार मटण खाल्लं, पण मटणाला असं ऊबदार असताना हात लावायची वेळ कधी आली नव्हती. ते तिथेच बसले. शेवटी त्यांनी लहानपणी आजी ताटाला करायची तसा नमस्कार केला. डेलनं टोपी काढून हातात धरली, आणि मग सुरी काढली.

पुढचं कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. तीनशे किलोंचं जनावर, आणि पिकअप चार मैल लांब. कातडं सोलायचं, मांस सुटं करायचं, पिशव्यांत भरून पाठीवर न्यायचं. दोन दिवसांत पाच खेपा झाल्या. डेलचं वय एकसष्ट, जगन्नाथरावांचं सहासष्ट. दोघांची मिळून चांगल्या गुडघ्यांची एकच जोडी होती. तिसऱ्या खेपेला जगन्नाथराव ओढ्यात बसले आणि म्हणाले, “मला इथेच सोड.” डेल म्हणाला, “मांस आधी नेतो,” आणि खरंच पुढे गेला.

घरी पोचल्यावर ग्रुपवर फोटो टाकला. अभिनंदनाच्या आधी डॉक्टर गद्र्यांचा प्रश्न आला, “अंतर?”

“एकशे चौदा यार्ड.”

“काडतूस?”

जगन्नाथरावांनी खरं ते लिहिलं. मग डॉक्टरांनी लिहिलं, “एवढ्या जवळून काय, भाल्यानंही झालं असतं. सांख्यिकीदृष्ट्या हे धरता येणार नाही.” त्यांनी लगेच नवा व्हिडिओ पाठवला. अजून बाजारात न आलेल्या एका काडतुसाचा.

जगन्नाथरावांनी तो पाहिला नाही. त्यांच्यापुढे वेगळा पेच होता: नव्वद किलो मांस. गराजमध्ये नवा फ्रीझर आला, आणि तो ज्या दिवशी हवा त्याच दिवशी, जो मिळाला तो आणला. शेजारच्या शहा कुटुंबानं पाकीट हात जोडून परत केलं. आर्माडिलोवाल्या काकूंनी दोन नेली. बाकीचं प्रतिमाबाईंनी कामाला लावलं. मांस चिवट होतं. कुकरच्या सात शिट्ट्यांनाही दाद देईना. मग त्यांनी रात्रभर दह्यात घालून ठेवलं आणि कोल्हापुरी मसाल्यात रटारटा शिजवलं.

डिसेंबरात डेल जेवायला आला. तांबडा रस्सा पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून बाहेर आला. दुसऱ्या वाटीला त्यानं शर्टची कॉलर सोडली. तिसरी त्यानं स्वतः वाढून घेतली. घाम पुसत तो प्रतिमाबाईंना म्हणाला, “मॅम, पुढच्या वर्षी तुम्हीही चला. स्वयंपाकाला नाही. शिकारीला. कधी बंदूक धरलीय?”

“धरलीय की,” प्रतिमाबाई भाकरी वाढत म्हणाल्या. “कॉलेजात एनसीसीत होते मी. पॉइंट टू-टू रायफल. बॅज आहे माझा.”

जगन्नाथरावांचा घास हातातच राहिला. “अगं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!”

“विषय निघाला नाही.”

“पस्तीस वर्षांत?”

“तुम्ही वर्षभर बोलत होतात,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, होऊ दे पूर्ण.”

जानेवारीत डेल त्या दोघांना मैदानावर घेऊन गेला. प्रतिमाबाईंनी चष्मा पुसला, नॅन्सीची बंदूक खांद्याला लावली, कुठलं काडतूस आहे एवढंही विचारलं नाही. शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं चहाच्या बशीखाली झाकली गेली असती. काउंटरवरच्या माणसानं कागद मागून घेऊन भिंतीवर लावला.

वसंतात कोलोरॅडोच्या परवान्यांची सोडत निघाली. दोघांनी अर्ज भरले होते. प्रतिमाबाईंचा नंबर लागला, जगन्नाथरावांचा नाही. ऑक्टोबरात डेलची पिकअप दाराशी आली तेव्हा पुढच्या सीटवर प्रतिमाबाई बसल्या. जगन्नाथराव मागे बसले, मांडीवर मसाल्याचा डबा आणि कुकर घेऊन.